भिंतीवरून उतरलेलीं चित्रें

सिनेमाचें पोस्टर हें मुळीं टिकण्यासाठीं छापलेलेंच नसतें. खेळ बदलला कीं त्याच्या डोक्यावर दुसरें बसावयाचें. वळवाची एक सर आली कीं खळ सुटून त्याचें एक टोंक वाऱ्यावर फडफडूं लागावयाचें. आणि खळ पिठाची असल्यामुळें त्या टोंकाला गांवांतल्या एखाद्या शेळीनें तोंड लावलें कीं नायकाच्या मिशा नि खलनायकाची तरवार एका घासांत नाहींशा व्हावयाच्या. ज्या वस्तूचें आयुष्य तिच्या धन्यानेंच आठ-पंधरा दिवसांचें ठरविलेलें होतें, ती साठ-सत्तर वर्षांनंतर शोधावयास निघणें हा उद्योग वरकरणीं वेडगळ दिसतो. पण ह्या वेडाला अर्थ आहे; आणि तो समजून घ्यावयाचा तर मुंबई-पुण्यापासून प्रारंभ न करतां जालना जिल्ह्यांतील अंकुशनगरापासून केलेला बरा.

अंकुशनगर हें अंबड तालुक्यांतील, साखर कारखान्याच्या आधारानें वसलेलें लहानसें ठिकाण. येथें जुनी गढी नाहीं, जुनी पेठ नाहीं. वसाहत तशी अलीकडची. तेव्हां मूकपटांच्या किंवा पहिल्या बोलपटांच्या काळांतील एखादें पोस्टर ह्या वसाहतीच्या भिंतीवर सांपडेल अशी आशा धरणें व्यर्थ होय. परंतु जुनें पोस्टर भिंतीवर सांपडतच नाहीं. तें सांपडतें पेटींत. वसाहत नवी असली तरी तींत राहावयास येणाऱ्या कुटुंबांच्या ट्रंका जुन्या असतात. पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशीं अंथरलेला कागद, फडताळाच्या फळीवरचा कागद, देवाच्या तसबिरीमागें धूळ येऊं नये म्हणून डकविलेला कागद, वडिलांच्या शाळेच्या पुस्तकाला घातलेलें वेष्टन, ह्यांपैकीं कोणताही कागद उलटून पाहिला तर त्याच्या आंतल्या अंगास रंग असण्याचा संभव असतो. पोस्टरचा कागद मोठा, जाडसर आणि पाठीमागें कोरा. काटकसरी घरांत तो फुकट कोण जाऊं देईल? संग्राहकांनीं ह्या काटकसरीचे उपकार मानावयास हवेत. तिनें जितकीं चित्रें कातरलीं, तितकींच वांचविलींही.

जालन्याच्या मुलखांत शोध करणाऱ्यानें एक गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ मध्यें तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. नकाशावरची सरहद्द अशी तीन वेळां पुसली गेली. परंतु सिनेमाच्या व्यापारांत ती कायम राहिली. चित्रपट वितरणाचे जे विभाग पडले, त्यांत मराठवाडा मुंबई विभागांत न मोडतां ‘निजाम’ ह्याच नांवाच्या विभागांत मोडत आला. वऱ्हाड-मध्यप्रांताकडचीं कामें भुसावळ, अमरावतीसारख्या ठिकाणांहून होत. मराठवाड्यासाठीं मात्र दृष्टि हैदराबादेकडे लागलेली असे. ह्याचा अर्थ असा कीं, जालन्यास मिळालेल्या पोस्टरच्या पाठीवर रबरी शिक्का उमटलेला असेल तर तो मुंबईच्याच कंपनीचा असेल असें गृहीत धरूं नये. हिंदी चित्रपटाच्या पोस्टरवर नांव बहुधा तीन लिप्यांत असे: नागरी, उर्दू आणि रोमन. निजामी अमलांत ज्यांचें शिक्षण उर्दूंतून झालें अशा पिढीला त्यांतली उर्दू ओळ सर्वांत आधीं वाचतां येई. आज त्याच घरांतील नातवंडांना ती ओळ वाचतां येत नाहीं, आणि ‘हें कसलें तरी उर्दू’ म्हणून कागद रद्दींत जातो. कागद टाकण्यापूर्वीं ती ओळ कोणाकडून तरी वाचवून घ्यावी, ही विनंती श्रोत्यांनीं क्षुल्लक समजूं नये.

पोस्टराची परंपरा महाराष्ट्रांत कोठून आली हें पाहूं गेल्यास सिनेमाच्याही मागें जावें लागतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ मध्यें पुण्यास चित्रशाळा काढली आणि रंगीत शिळाछाप चित्रें मराठी घरांत शिरलीं. पुढें राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस निघाला, आणि तेथून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. दादासाहेब फाळके हे सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी. रविवर्म्याच्या मुद्रणाशीं त्यांचा संबंध आला होता आणि छपाईचें अधिक ज्ञान मिळविण्यासाठीं ते जर्मनीसही जाऊन आले होते. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कोरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला तेव्हां त्याचा जनक मूळचा मुद्रक होता, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देतां येत नाहीं. मात्र त्या पहिल्या वर्षांतील जाहिरात बव्हंशीं अक्षरांची होती: वर्तमानपत्रांतील मजकूर आणि वाटावयाचीं हस्तपत्रकें. चित्रानें प्रेक्षकाला रस्त्यांत अडविण्याची कला कोल्हापुरांत जन्मली.

बाबुराव पेंटर ह्यांचें मूळ आडनांव मेस्त्री. १८९० मध्यें जन्मलेले हे गृहस्थ आपले बंधु आनंदराव यांजबरोबर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. आनंदराव १९१६ मध्यें वारले. पुढें बाबुरावांनीं कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० मध्यें त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ज्याच्या हातांत कुंचला होता त्यानेंच कॅमेरा घेतला, आणि कॅमेरा घेतल्यावरही कुंचला टाकला नाहीं. स्वतःच्या चित्रपटांचीं पोस्टरें ते स्वतः रंगवीत. फोटो आणि कथासार घातलेल्या पुस्तिकाही त्यांनीं काढल्या. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ ह्या मूकपटाचें पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांत सर्वांत जुनें मानलें जातें.

येथें क्षणभर थांबावयास हवें, कारण ह्या एका उदाहरणांत सर्व प्रश्न सामावलेला आहे. ‘कल्याण खजिना’ हा चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीं. भारतांत मूकपट निघाले तेराशेंहून अधिक. त्यांतले उरले ते तीसांच्या आंतबाहेर, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यांच्या रूपानें. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती झटकन् पेट घेई, आणि पेटली नाहीं तर डब्यांतल्या डब्यांत कुजून तिची भुकटी होई. कांहीं फिल्म तर तिच्यावरील चांदी काढण्यासाठीं विकली गेली. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत झळकला आणि त्यास झालेली गर्दी इतिहासांत नोंदली गेली. पण त्याची प्रत आज कोठेंही नाहीं. अशा चित्रपटांच्या बाबतींत उरलें काय? कांहीं फोटो, गाण्यांचें चार पानांचें पुस्तक आणि भाग्यानें सांपडलेलें पोस्टर. जी जाहिरात मूळ मालाबरोबरच मरावयाची, तीच मालाच्या पश्चात् त्याची एकमेव साक्षीदार होऊन बसली आहे. मग तिच्या कडेवरचा प्रत्येक बारीक अक्षर पुराव्याचा होतो.

कोल्हापुरांतूनच १९२९ मध्यें प्रभात फिल्म कंपनी उदयास आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुळकर्णी ह्या पांच भागीदारांपैकीं पहिले चौघे बाबुरावांच्या हाताखालीं तयार झालेले. दामले-फत्तेलाल तर चित्रकारच. तेव्हां प्रभातच्या जाहिरातींत रेषेची सफाई आणि अक्षरांचा डौल आला ह्यांत नवल नाहीं. १९३३ मध्यें कंपनी पुण्यास आली, आणि तिची तुतारी फुंकणारी युवती घरोघर ओळखीची झाली.

अंकुशनगरच्या रहिवाशाला प्रभातचें एक पोस्टर विशेष जवळचें वाटावें. तें म्हणजे १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ चें. चित्रपट पैठणच्या एकनाथ महाराजांवरचा. आणि पैठण ह्या भागांतील लोकांना परकें नव्हे, नाथषष्ठीला तेथें जाणें हा कित्येक घरांचा नेम. चित्रपटाचें मूळ नांव ‘महात्मा’ असें होतें. त्या काळीं त्या शब्दाचा रोख गांधीजींकडे आहे असें समजून अधिकाऱ्यांनीं तो खपवून घेतला नाहीं आणि नांव बदलावें लागलें. नाथांची भूमिका बालगंधर्वांनीं केली. तीस वर्षें ज्यांना रसिकांनीं शालू-पैठणीत पाहिलें, ते पुरुषवेषांत पडद्यावर आले. ह्या चित्रपटाचें पोस्टर ज्या दिवशीं मराठवाड्यांतील एखाद्या गांवीं भिंतीवर लागलें असेल, त्या दिवशीं तें पाहणाऱ्यांत नाथांचे वारकरीही असतील आणि गंधर्वांचे वेडेही. आणि दोघांनींही तेथें उभें राहून थोडा वेळ संभ्रमांत काढला असेल.

आतां पोस्टर तयार कसें होई तें पाहिल्यावांचून खऱ्या-खोट्याची पारख करतां यावयाची नाहीं. चित्रकार प्रथम मूळ चित्र रंगवी. तें जसेंच्या तसें छापतां येत नसे. छापखान्यांतील दुसरा कलावंत तें चित्र समोर ठेवून शिळेवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूनें व शाईनें पुन्हां काढी, आणि तेंही एकदां नव्हे: पिवळ्यासाठीं वेगळें, तांबड्यासाठीं वेगळें, निळ्यासाठीं वेगळें. तेल आणि पाणी एकमेकांशीं जमवून घेत नाहींत, ह्या स्वयंपाकघरांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असलेल्या तत्त्वावर हें सारें मुद्रण चालतें. भिजविलेल्या शिळेवर शाईचा रूळ फिरविला कीं शाई रेखाटलेल्या तेलकट भागालाच धरते. एकाच कागदावर हे रंग एकामागून एक नेमके बसले तर चेहरा साधला; अर्धा दोरा इकडेतिकडे झाला कीं नायिकेचे ओठ गालावर गेले. म्हणजे भिंतीवरचें चित्र हें मूळ चित्रकाराचें खरें, परंतु तें दुसऱ्या हातानें वाचून दाखविलेलें. ह्या दुसऱ्या हाताचें नांव बहुधा कोणासच ठाऊक नसतें. एक पूर्ण कागद सुमारें ३० इंच रुंद आणि ४० इंच उंच. त्याहून मोठें पोस्टर दोन, तीन, सहा कागद जोडून बनवीत आणि चिकटवणाऱ्याला भिंतीवर ते सांधे जुळवावे लागत. जोडकागदी पोस्टर संपूर्ण मिळणें फार दुर्मिळ. नायकाचें धड सांपडतें आणि शिर हरवतें.

पुढें ऑफसेट छपाई आली, फोटो कापून त्यावर रंग चढविण्याची पद्धत आली, आणि शिळा मागें पडली. पारख करणाऱ्यास हें स्थित्यंतर उपयोगी पडतें. साधें भिंग घेऊन पाहावें. शिळाछाप चित्रांत खडूचा वेडावांकडा, रवाळ कण दिसतो. ऑफसेटमध्यें रंगीत ठिपक्यांची शिस्तवार जाळी दिसते. मात्र ठिपके दिसले म्हणजे लगेच ‘खोटें’ असा शेरा मारूं नये. १९७० नंतरचीं कित्येक अस्सल पोस्टरें ठिपक्यांचींच आहेत. संशय घ्यावयाचा तो शिळाछाप काळच्या पोस्टरांत ठिपके दिसल्यास, आणि त्यांतही अक्षरांकडे पाहावें: मूळ छपाईंत अक्षरांच्या कडा भरीव व स्वच्छ असतात, जुन्या पोस्टराचा फोटो घेऊन छापलेल्या नकलेंत अक्षरेंसुद्धां ठिपक्यांचीं झालेलीं असतात. दुसरी खूण घडीची. पोस्टरें घडी घालून पुडक्यांतून पाठवीत, म्हणून जुन्या कागदावर घडीचे वळ असणें हा दोष नसून जन्मखूण आहे. नकलेंत हे वळ डोळ्यांस दिसतात, पण बोटास लागत नाहींत. कारण मूळच्या घड्यांचाही फोटोच निघालेला असतो! तिसरी परीक्षा अतिनील दिव्याची. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यांत घालावयाचीं द्रव्यें दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारांत आलीं. १९३६ चा म्हणवणारा कागद ह्या दिव्याखालीं निळसर चकाकूं लागला तर विक्रेत्यास नमस्कार करून उठावें.

पुनःप्रदर्शनाची गोष्ट थोडी नाजूक आहे. ‘मदर इंडिया’ १९५७ मध्यें प्रथम लागला आणि नंतर वर्षानुवर्षें ठिकठिकाणीं लागत राहिला; ‘मोगल-ए-आझम’ १९६० मध्यें आला आणि २००४ मध्यें रंग चढवून पुन्हां आला. दर वेळीं नवीं पोस्टरें छापलीं गेलीं. तीं खोटीं नव्हेत. थिएटरासाठींच छापलेलीं आहेत. परंतु तीं पहिल्या प्रदर्शनाचीं म्हणून विकणें ही फसवणूक होय. आणि आज बाजारांत जुन्या पोस्टराबरहुकूम नवें चित्र कॅनव्हासवर रंगवून देणारे कारागीर आहेत, त्यांचें काम तर उघड आणि प्रामाणिक आहे. त्यांतील एखादें दिवाणखान्यांत लावण्यास कोणतीच हरकत नाहीं.

पारखीची सर्वांत भरवंशाची ओळ मात्र पोस्टराच्या तळाशीं असते. १८६७ च्या छापखाना कायद्यानें छापील कागदावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें ठिकाण घालण्याचें बंधन होतें. त्यामुळें खालच्या कांठाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापखान्याचें नांव व गांव असतें; कधीं चित्रकाराची सहीही त्याच्या आसपास सांपडते. आणि सुशिक्षित घरांतून नेमकी हीच पट्टी कापली जाते. पोस्टर चौकटींत बसत नाहीं, कांठ मळलेला दिसतो, म्हणून फ्रेमवाला कातरी चालवितो आणि मालक मान डोलावतो. चित्र सुबक दिसूं लागतें. पण त्याचा जन्मदाखला फ्रेमवाल्याच्या केराच्या टोपलींत जातो. वाळवीनें आणि शेळीनें केलेलें नुकसान एक वेळ क्षम्य मानतां येईल, हें नुकसान मानतां येत नाहीं.

शोध करणाऱ्यांचा मुंबईंतील जुना अड्डा म्हणजे चोरबाजारांतील मटन स्ट्रीट. तेथें जुनी घड्याळें, ग्रामोफोन आणि झुंबरें ह्यांच्या दाटींत पोस्टरांच्या चळती असतात. विक्रेता एकेक उलगडीत जातो आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून भाव ठरवितो, म्हणून जाणते लोक हवें तें पोस्टर दिसलें कीं जांभई देतात. पण ह्या चळतीत आलेल्या कागदाचें एक कायमचें दुर्दैव असें कीं तो कोठून आला हें हरवतें. कोणत्या गांवच्या कोणत्या थिएटराच्या माळ्यावरून तो उतरला, त्याच्याबरोबर आणखी काय होतें, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. अंकुशनगरास, अंबडास किंवा जालन्यास ज्याला आपल्या नात्यागोत्यांत एखादा कागद मिळतो, त्याला हा लाभ मुंबईच्या श्रीमंत संग्राहकाहून अधिक आहे: कोणाच्या घरीं, कशा अवस्थेंत, कोणत्या आठवणीसह तो मिळाला हें त्याला विचारून टिपतां येतें. ती टिपण्णी कागदाच्या पाठीवर न लिहितां वेगळ्या वहींत लिहावी, एवढेंच.

सरकारी संग्रह म्हणजे पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. प्रभातचा स्टुडिओ १९५३ मध्यें बंद पडला, त्या जागेंत १९६० मध्यें चित्रपट शिक्षणाची संस्था आली, आणि १९६४ मध्यें संग्रहालय निघालें. त्याची उभारणी केली पी. के. नायर ह्या गृहस्थांनीं. फाळक्यांच्या चित्रपटांचीं रिळें त्यांनीं नाशकास जाऊन फाळके कुटुंबीयांकडून मिळविलीं; रिळांबरोबरच पोस्टरें, फोटो व गाण्यांचीं पुस्तकेंही जमविलीं. पुण्यास जानेवारी २००३ मध्यें लागलेल्या आगींत नायट्रेटची पुष्कळ जुनी फिल्म जळून गेली. संग्रहालय २०२२ मध्यें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही अशी सामग्री सांभाळते. घरांतील कागदाचें काय करावें असा प्रश्न पडलेल्यांनीं विकण्यापूर्वीं अशा ठिकाणीं निदान त्याचा फोटो पाठवून विचारणा करावी.

परदेशांत हा छंद पैशाच्या फार मोठ्या उलाढालीचा झाला आहे. १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ ह्या जर्मन मूकपटाच्या पोस्टरास २००५ मध्यें सहा लाख नव्वद हजार डॉलर मिळाले. त्याच्या चारच प्रती ज्ञात होत्या. त्याहून बोधप्रद हकीकत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाची. तेथें एका जुन्या घराच्या माळ्यावर पोस्टरांचा एक जाड गठ्ठा मिळाला. एकावर एक चिकटवून तो पुठ्ठ्यासारखा झालेला होता. तज्ज्ञांनीं वाफेच्या ओलाव्यानें तो पापुद्र्या-पापुद्र्यानें सोडविला, तेव्हां १९३० च्या सुमाराचीं तेहतीस पोस्टरें बाहेर आलीं आणि २०१२ च्या लिलांवांत त्यांना पांच लाखांवर डॉलर आले. हें शक्य झालें त्याचें कारण पुन्हां तेंच: खळ. पिठाची खळ ओलाव्यानें सुटते, आणि छपाईची शाई तेलाची असल्यामुळें पाण्यानें सहसा फुटत नाहीं. आपल्याकडील जुन्या थिएटरांच्या बाहेरचे फलकही असेच थरावर थर चढून बोटभर जाड झालेले असत. इमारत पाडतांना ते चुलींत गेले.

तथापि ही हकीकत ऐकून कोणीं घरच्या घरीं पोस्टर बादलींत बुडवूं नये. सगळी शाई सारखी नसते, आणि हातानें चढविलेला पाण्याचा रंग क्षणांत वाहून जातो. घरीं करावयाच्या गोष्टी बहुतेक ‘न करण्याच्या’ आहेत. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद कांहीं वर्षांनीं पिवळा होऊन कागदांत मुरतो आणि मग निघत नाहीं. लॅमिनेशन करूं नये, त्यांतून कागद पुन्हां सुटत नाहीं. हार्डबोर्डावर डकवूं नये. पोस्टराचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आंतूनच आम्ल. उन्हानें तो तांबूस व ठिसूळ होतो, म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीवर त्याला जागा देणें म्हणजे त्याला हळूहळू भाजणें होय. आम्लविरहित कागदाच्या दोन तावांत, शक्य तों उलगडून, सपाट ठेवावा; कसर आणि वाळवी ह्यांसाठीं वर्षांतून दोनदां उघडून पाहावा. मराठवाड्याची कोरडी हवा ह्या कामीं कोंकणापेक्षां बरी, हा एक दिलासा. दुरुस्ती करावीच लागली तर ती जाणत्याकडून, पिठाच्या शुद्ध खळीनें आणि पातळ जपानी कागदानें, म्हणजे पुढें कोणास ती काढावीशी वाटल्यास काढतां येईल. नवा रंग भरून नायिकेचा गाल पुन्हां टवटवीत करण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. भरलेल्या गालाचें पोस्टर अधिक सुंदर दिसतें असें म्हणणारे लोक आहेत; त्यांनीं वर सांगितलेलें कॅनव्हासवरचें चित्र घ्यावें हें उत्तम.

चित्रकारांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. एस. एम. पंडित हे निजामी मुलखांतल्याच गुलबर्ग्याचे. मुंबईस मेट्रो थिएटरांत लागणाऱ्या विलायती चित्रपटांचीं शो-कार्डें त्यांनीं रंगविलीं आणि पुढें पौराणिक चित्रांसाठीं ते घरोघर माहीत झाले. पंढरपुरास जन्मलेले एम. एफ. हुसेन तरुणपणीं मुंबईंत सिनेमाचे प्रचंड फलक रंगवीत. कोल्हापूरचे जी. कांबळे शांतारामबापूंच्या राजकमलसाठीं रंगवीत. त्यांनीं काढलेलें शिवछत्रपतींचें चित्र पुढें सरकारमान्य झालें. दिवाकर करकरे यांनीं १९७५ च्या ‘दीवार’सारख्या चित्रपटांच्या पोस्टरांत सुरीनें रंगाचे जाड फटकारे ओढून नायकाचा संताप उभा केला. हीं नांवें उरलीं. ज्यांनीं तालुक्याच्या गांवीं थिएटरच्या मागच्या पडवींत चौकोन आंखून लहान पोस्टरावरून पंचवीस फुटी चेहरे वाढविले, त्यांचीं नांवें उरलीं नाहींत आणि चित्रेंही नाहींत. कारण खेळ उतरला कीं त्याच कापडावर पांढरा हात देऊन पुढचा खेळ रंगवावयाचा असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर छापलेलें प्लॅस्टिकचें कापड आलें आणि हा धंदा थोड्याच वर्षांत बसला. कांहींजण दुकानांच्या पाट्यांकडे वळले, कांहींजण गणपतीच्या आराशीकडे. त्यांतले वृद्ध आज गांवोगांव हयात आहेत. पोस्टर शोधणाऱ्यानें त्यांचा पत्ता आधीं काढावा. त्यांच्यापाशीं वाढवून काढण्यासाठीं दिलेलीं, चौकोन आंखलेलीं लहान पोस्टरें कधीं कधीं अजून असतात.

आणि तंबूवाल्यांचा. अंबडला मत्स्योदरीची नवरात्रांतील यात्रा, पैठणला षष्ठी, इतरत्र उरूस आणि बाजार: जेथें माणूस जमे तेथें ट्रक येई, डेरा उभा राही, यंत्र घरघरूं लागे, आणि दुपारभर टांग्याला किंवा बैलगाडीला दोन्ही अंगांस पोस्टरें बांधून वाजंत्र्यासह गांवांतून फेरी निघे. महाराष्ट्रांतील ह्या फिरत्या सिनेमांचे शेवटचे दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ह्या २०१६ सालच्या माहितीपटांत टिपलेले आहेत. फिरतीवरच्या पोस्टराला भिंतीवरच्याहून अधिक आयुष्य लाभे, कारण तें चिकटवून टाकणें परवडत नसे. बांधावयाचें, सोडावयाचें, घडी घालून पेटींत ठेवावयाचें. म्हणून अशी पेटी जर एखाद्या घरांत उघडली, तर चित्रें पाहून झाल्यावर कागद पालथे करून पाहावेत. पाठीवर पेन्सिलीनें गांवांचीं नांवें असतात, एकाखालीं एक, आणि प्रत्येकापुढें यात्रेची तिथि. कोठें कोठें त्या रात्रीं किती तिकिटें खपलीं तेंही.